थोरातांचा हिशेब

लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांचे नाव निघाले की आपल्याकडे एक वाक्य ठरल्यासारखे येते : त्यांचे ऐकले असते, तर बासष्ट घडले नसते. हे वाक्य अभिमानाने उच्चारले जाते आणि त्यात थोडा हळहळीचा सूरही असतो. कोल्हापूरच्या मातीतला एक सेनानी चीनच्या आक्रमणाचा इशारा तीन वर्षे आधी देतो, दिल्ली त्याला वेड्यात काढते, त्याला घरी पाठवते आणि पुढे तेच घडते. गोष्ट म्हणून ही इतकी बांधेसूद आहे की तिला हात लावू नये असे वाटते. पण या कौतुकाने थोरातांवर अन्यायच होतो, असे मला म्हणायचे आहे. गोष्टीतला थोरात ज्योतिषी होतो, आणि ज्योतिषाचे भाकीत खरे ठरले की त्याला नमस्कार करायचा, त्यापलीकडे त्याच्याकडून शिकण्यासारखे काही उरत नाही. चीनपासून धोका आहे हे सांगणारे थोरात पहिले नव्हते. सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० रोजी नेहरूंना लिहिलेल्या पत्रात तो धोका स्पष्ट मांडला होता, आणि त्यानंतर उत्तर-पूर्व सीमेची पाहणी करायला हिंमतसिंहजी समितीही बसली होती. थोरातांनी १९५९ मध्ये कागदावर उतरवला तो हिशेब होता : किती माणसे, कोणत्या वाटेने, किती दिवसांत, कशाच्या आधारावर. भाकीत नाकारता येते. हिशेब नाकारायचा तर त्यातली चूक दाखवावी लागते. ती कोणी दाखवली नाही, आणि हिशेब मांडणारा माणूस निवृत्त झाला तेव्हा त्याच्याबरोबर तो हिशेबही निवृत्त झाला. माझ्या मते १९६२ चा धडा इथे आहे, आणि तो थोरातांच्या दूरदृष्टीच्या गोष्टीपेक्षा जास्त अस्वस्थ करणारा आहे.

माणूस समजून घेतल्याशिवाय त्याचा कागद समजणार नाही. थोरातांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ चा, कोल्हापूर संस्थानातल्या वडगावचा. वडील पां. चि. पाटील शेतीशास्त्राचे जाणकार होते. मुलगा सँडहर्स्टला गेला आणि १९२६ मध्ये अधिकारी होऊन बाहेर पडला. त्या काळी ब्रिटिश हिंदी सैन्यात हिंदी अधिकाऱ्याला निवडक पलटणींतच घेत आणि त्याच्या हाताखाली ब्रिटिश माणूस येणार नाही याची काळजी घेत. हिंदी माणूस शूर असेल, पण लढाईत पलटण चालवण्याची कुवत त्याच्यात नाही, हा त्या व्यवस्थेचा पक्का समज होता. तो समज मोडण्याची वेळ जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या अराकानच्या किनाऱ्यावर आली. कांगॉ इथे जपान्यांची माघारीची वाट तोडायची होती. ५१ व्या ब्रिगेडमधल्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते : ८/१९ हैदराबादचे के. एस. थिमय्या, १६/१० बलूचचे एल. पी. सेन आणि २/२ पंजाबचे थोरात. मेलरोझ नावाच्या टेकडीवर थोरातांच्या पलटणीने चढाई केली आणि हातघाईच्या लढाईनंतर ती घेतली. तिघांनाही ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ मिळाली. ही तीन नावे वाचकाने लक्षात ठेवावीत. सोळा वर्षांनी ती पुन्हा एकत्र येणार आहेत, आणि तेव्हाचा प्रसंग सन्मानाचा नसेल.

थोरातांच्या कारकिर्दीतला दुसरा महत्त्वाचा मुक्काम कोरियाचा. १९५३ मध्ये युद्धबंदीनंतर मायदेशी जायला नकार देणाऱ्या कैद्यांचा प्रश्न उरला. अमेरिकेच्या बाजूकडे असलेले चिनी आणि उत्तर कोरियन कैदी २२,००० हून अधिक होते, पलीकडच्या बाजूला ३५९. त्यांना ताब्यात ठेवून त्यांची इच्छा विचारण्याचे काम तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे आले. आयोगाचे अध्यक्ष थिमय्या, आणि कैद्यांच्या राखणीसाठी गेलेल्या भारतीय फौजेचे प्रमुख मेजर जनरल थोरात. सप्टेंबरमध्ये कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत ओढून डांबून ठेवले. गोळीबार केला असता तर अधिकारी मेला असता आणि आयोगही बुडाला असता. थोरात स्वतः आत गेले, खवळलेल्या कैद्यांच्या घोळक्यात त्यांच्या पुढाऱ्यांशी बोलत राहिले, सिगारेटी दिल्याघेतल्या, आणि ग्रेवालना घेऊन बाहेर आले. या कामगिरीसाठी त्यांना अशोकचक्र (वर्ग २) मिळाले, ज्याला आज आपण कीर्तिचक्र म्हणतो. हा प्रसंग मी त्यांच्या धैर्याच्या दाखल्यासाठी सांगत नाही. बळ वापरण्याआधी बळाचा हिशेब करणारा, आणि तो जमत नसेल तर दुसरा मार्ग शोधणारा अधिकारी त्यात दिसतो. पुढे ‘युद्धखोर’ ठरवला गेलेला माणूस मुळात कसा होता, हे ध्यानात यावे म्हणून तो इथे हवा.

१९५७ मध्ये थोरात पूर्व विभागाचे प्रमुख झाले. ईस्टर्न कमांडचे मुख्यालय तेव्हा लखनौला होते. आज ही जागा नकाशावर विचित्र वाटेल, कारण विभागाची खरी डोकेदुखी तिथून शेकडो मैलांवर, नागा टेकड्यांत आणि नेफात होती. नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचलची, सीमा लष्कराकडे नव्हतीच. तिथल्या चौक्या आसाम रायफल्स सांभाळत, आणि ती संघटना परराष्ट्र खात्याच्या हुकमाखाली चाले. सीमा हा मुत्सद्देगिरीचा विषय, लष्कराचा नव्हे, हा दृष्टिकोन त्या व्यवस्थेत सरळ दिसतो. २५ ऑगस्ट १९५९ ला लाँगजूच्या चौकीवर चिनी तुकडीने गोळीबार केला आणि हा दृष्टिकोन एका दिवसात कोसळला. नेहरूंनी नेफाची सीमा लष्कराच्या हवाली केल्याचे संसदेत सांगितले. त्याच आठवड्यात, ३१ ऑगस्टला, लष्करप्रमुख थिमय्यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या कारभाराला कंटाळून राजीनामा दिला आणि नेहरूंच्या शब्दाखातर तो मागे घेतला. संसदेत थिमय्यांनाच बोल लागला. थोडक्यात, ज्या क्षणी लष्कराच्या पदरात हजार-अकराशे किलोमीटरची हिमालयीन सीमा पडली, त्याच क्षणी लष्करप्रमुखाच्या शब्दाचे वजन सर्वांत हलके झालेले होते. पुढचे सगळे या योगायोगाच्या सावलीत घडले.

थोरातांचा कागद ८ ऑक्टोबर १९५९ चा आहे, लाँगजूनंतर जेमतेम सहा आठवड्यांचा. त्याचा गाभा असा. सीमारेषा हिमालयाच्या माथ्यावर आहे. चिन्यांच्या बाजूला तिबेटचे पठार आहे, तिथे रस्ते होऊ शकतात आणि होत आहेत. आपल्या बाजूला आसामच्या मैदानातून उभे डोंगर चढत जावे लागते, रस्ता नाही, खेचरांची वाटसुद्धा धड नाही, आणि हमालाने वाहून नेलेल्या धान्यातले बरेचसे तो हमालच वाटेत खातो. तेव्हा माथ्यावर लढणे म्हणजे शत्रूच्या दाराशी आणि आपल्या घरापासून लांब लढणे. म्हणून सीमेवर चौक्या असाव्यात, पण त्या पहाऱ्यासाठी : शत्रू आला हे कळवायचे, त्याला थोडे रोखायचे आणि मागे यायचे. खरी लढाई मागच्या रेषेवर द्यायची. ही रेषा त्यांनी बोमडिला, झिरो, दापोरिजो, आलोंग, रोइंग, तेजू अशी आखली होती. तिथपर्यंत पोचताना शत्रूची रसद लांबलेली असेल, दमछाक त्याची झालेली असेल, आणि आपण आपल्या पुरवठ्याजवळ असू. रसदेचे ओझे शत्रूच्या पाठीवर टाकायचे, हे त्याचे एका ओळीतले सार.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटायचे कारण नाही. १६५९ मध्ये अफजलखान वाईला येऊन बसला तेव्हा शिवाजी महाराज मैदानात उतरले नाहीत. त्यांनी खानाला जावळीच्या रानात उतरू दिले आणि प्रतापगडाच्या पायथ्याशी निकाल लावला. उलटे उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. पानिपतावर मराठी फौजेचा जीव शेवटी तलवारीच्या आधी उपासमारीने घेतला, कारण दक्षिणेकडची वाट तुटली आणि रसद थांबली. थोरातांच्या मनात ही उदाहरणे होती असा माझा दावा नाही. सँडहर्स्टमध्ये शिकलेल्या आणि ब्रह्मदेशात लढलेल्या अधिकाऱ्याला पुरवठ्याचे गणित शिकायला जावळीला जावे लागत नाही. पण ‘मागे सरून लढणे’ म्हणजे कच खाणे, असा जो अर्थ दिल्लीत लावला गेला, त्याला आपल्याच परंपरेत आधार नाही, इतके यातून दिसते.

थिमय्यांनी कागद मेनन यांच्यापुढे ठेवला. थोरातांच्या सांगण्यानुसार मेनन यांनी तो अकारण घबराट पसरवणारा म्हणून बाजूला सारला. चीनशी निपटायचे ते राजनैतिक पातळीवर निपटू, ही त्यांची भूमिका होती. थोरातांनी मग आपल्या हातात होते ते केले. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ या नावाने कागदावरचा युद्धसराव घेतला. चीन पूर्ण ताकदीने उतरला तर उपलब्ध सैन्यानिशी काय होईल, हे वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर मांडून पाहिले. कोणते ठाणे किती दिवसांत पडेल याचे अंदाजही त्यात होते, आणि बासष्टच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते बऱ्याच अंशी खरे ठरले असे सांगितले जाते.

इथे पहिला आणि सर्वांत रास्त आक्षेप येतो. हे सांगतो कोण? मुख्यतः थोरातच. त्यांचे ‘फ्रॉम रेव्हेली टु रिट्रीट’ हे आत्मचरित्र १९८६ मध्ये आले, म्हणजे युद्धानंतर चोवीस वर्षांनी. पराभवानंतर लिहिणारा प्रत्येक सेनापती आपल्याला सगळे आधीच कळले होते असे सांगतो. बासष्टमध्ये नेफाच्या आघाडीवर नेमलेल्या बी. एम. कौल यांनी १९६७ मध्ये आपली बाजू मांडली, १९६९ मध्ये ब्रिगेडियर जॉन दळवींनी ‘हिमालयन ब्लंडर’ लिहून त्यांची साल काढली, आणि दोघांच्याही पुस्तकांत लेखक सहसा चुकत नाही. थोरातांना वेगळा न्याय का लावावा? माझे उत्तर असे की लावूच नये. ठाणी पडण्याच्या तारखांचा अचूक अंदाज वगैरे भाग सरळ सोडून द्यावा. उरते काय? युद्धाच्या दोन-अडीच वर्षे आधी अनेक साक्षीदारांसमोर झालेला एक युद्धसराव, आणि एक अशी मांडणी जिचे सत्य थोरातांच्या शब्दावर अवलंबून नाही. बासष्टची नेफातली लढाई जिथे सुरू झाली त्या नामका चूच्या काठावर काय झाले हे थोरातांनी सांगितलेले नाही. ते तिथे कैद झालेल्या दळवींनी सांगितले आहे, आणि त्यांच्या वर्णनातला प्रत्येक दुवा रसदेचा आहे.

आणखी एक पुरावा थोरातांच्या बाहेरचा आहे, आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. हेच गणित इतरांनीही मांडले. ऑगस्ट १९६२ मध्ये पश्चिम विभागाचे प्रमुख दौलत सिंग यांनी लडाखबद्दल कळवले की लष्करी ताकद नसताना चौक्या पुढे रेटू नका. सप्टेंबरमध्ये ३३ व्या कोअरचे प्रमुख उमराव सिंग यांना नामका चूच्या वरच्या थाग ला डोंगरावरून चिन्यांना हुसकावण्याचा हुकूम मिळाला, तेव्हा त्यांनी त्यासाठी किती सामान लागेल याचा तपशीलवार तक्ता मांडला. सामान जमवायला वेळ लागेल, असा त्याचा अर्थ होता. उत्तर म्हणून नेफाची जबाबदारी त्यांच्याकडून काढून घेतली गेली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला घाईघाईने उभ्या केलेल्या ४ कोअरवर कौल यांची नेमणूक झाली. थोरात तेव्हा निवृत्त होते, उमराव सिंग नव्हते. तरी दोघांच्या कागदांचे नशीब एकच. म्हणून ‘थोरात असते तर’ हा प्रश्न मला फसवा वाटतो. त्या जागी असलेल्या माणसाने तेच सांगितले होते, आणि त्याची जागाच काढून घेतली गेली.

पण हा प्रश्न इतक्यावर सुटत नाही, कारण त्याचे दुसरे टोक लष्करप्रमुखपदाशी बांधलेले आहे. थिमय्या मे १९६१ मध्ये निवृत्त होत होते आणि त्यांना आपल्या जागी थोरात हवे होते. सरकारने प्राणनाथ थापर यांना नेमले. मराठी लेखनात याचे वर्णन सर्रास अन्याय असे येते. प्रामाणिकपणे पाहिले तर थापर सेवाज्येष्ठ होते. ज्येष्ठतेने नेमणूक झाली तर तिला अन्याय म्हणायला वेगळा आधार लागतो. उलट थोरातांना नेमले असते तर ती ज्येष्ठता डावलून केलेली नेमणूक ठरली असती. अर्थात ज्येष्ठता काही पवित्र नव्हती. खुद्द थिमय्यांना १९५७ मध्ये दोन ज्येष्ठांना ओलांडून आणले होते. म्हणजे सरकारला निवडीचे स्वातंत्र्य होते, ते वापरायचेही ठाऊक होते, आणि १९६१ मध्ये ते न वापरण्याची निवड त्याने केली. या निवडीमागे मेनन यांची थिमय्या-थोरात जोडीवरची नाराजी होती असे मानायला जागा आहे. पण मला महत्त्वाचे वाटते ते निराळे. थोरात लष्करप्रमुख झाले असते, तरी २ नोव्हेंबर १९६१ च्या बैठकीत त्यांच्यासमोर थापर यांच्यासमोर होते तेच लोक बसले असते : नेहरू, मेनन आणि गुप्तचर विभागाचे मलिक. चौक्या पुढे नेल्या तरी चीन बळ वापरणार नाही, हा मलिक यांचा निष्कर्ष होता. त्यावर ‘पुढे सरका’ हे धोरण उभे राहिले. थोरातांनी विरोध केला असता, यात मला शंका नाही. तो टिकला असता का, याचे उत्तर १९५९ मधल्या थिमय्यांच्या राजीनाम्याकडे पाहून द्यावे.

आता ती तीन नावे. मे १९६१ मध्ये थिमय्या लष्करप्रमुखपदावरून उतरले, थोरात पूर्व विभागातून निवृत्त झाले, आणि थोरातांच्या खुर्चीत एल. पी. सेन बसले. कांगॉच्या तिघांपैकी तिसरे. एक अधिकारी दुसऱ्याला पदभार देताना कपाटाच्या किल्ल्या आणि कागदपत्रेही देतो. लखनौच्या कार्यालयात ‘लाल किल्ला’ सरावाच्या फायली होत्या, ज्यांनी तो सराव केला ते अधिकारीही सगळेच बदलले नव्हते. तरीही सतरा महिन्यांत त्या विभागाचे वागणे त्या फायलीच्या नेमके उलट झाले. सेन भित्रे होते किंवा मूर्ख होते असे म्हणणे सोपे आहे, पण कांगॉवर आणि १९४७ मध्ये काश्मीर खोऱ्यात लढलेल्या माणसाबद्दल ते पटत नाही. (पुढे सेन यांनी पुस्तक लिहिले ते काश्मीरच्या लढाईवर. नेफावर लिहिले नाही. ही निवड बोलकी आहे.) खरे कारण असे की थोरातांचा हिशेब हा थोरातांचे वैयक्तिक मत म्हणून फायलीत होता. तो सरकारने स्वीकारलेला किंवा कारणे देऊन फेटाळलेला दस्तऐवज नव्हता. फेटाळलाही नाही आणि स्वीकारलाही नाही, अशा कागदाला वारस नसतो. तो ज्याचा त्याच्याबरोबर जातो.

मग नामका चू. ही नदी म्हणजे थाग ला डोंगराच्या पायथ्याचा एक ओढा. तिथे ७ व्या ब्रिगेडला पाठवले. ही ब्रिगेड ज्या ४ थ्या डिव्हिजनची, ती पंजाबच्या मैदानातल्या लढाईसाठी तयार केलेली आणि १९५९ च्या अखेरीस अंबाल्याहून आसामात आणलेली. तवांगपर्यंत कशीबशी मोटार येई. पुढे पायी चाल. बऱ्याच जवानांच्या अंगावर उन्हाळी कपडे, खिशात पन्नासेक काडतुसे. बाकीचे सामान विमानातून त्सांगधारच्या उंच पठारावर टाकायचे. त्यातले पुष्कळ दऱ्यांत जाई आणि उरलेले शोधायला लढणारी माणसेच जात. २२ सप्टेंबरला थापर यांनी हुसकावून लावण्याचा हुकूम लेखी मागितला आणि एका सहसचिवाने तो सहीनिशी दिला. पंतप्रधान आणि संरक्षणमंत्री दोघेही त्या वेळी परदेशात होते. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिन्यांचा हल्ला झाला आणि काही तासांत ब्रिगेड संपली. चार-पाच दिवसांत तवांग गेले. थोरातांच्या कागदात ज्या जागी लढू नका म्हटले होते, त्याहूनही पुढच्या जागी लढाई दिली गेली होती.

इथे जाणकार वाचक दुसरा आक्षेप घेईल, आणि तो सोपा नाही. थोरातांची मुख्य रेषा बोमडिल्यापासून सुरू होते. बोमडिलाही पडलेच ना? से लाची खिंड १७-१८ नोव्हेंबरच्या रात्री आपण न लढता सोडली, आणि पुढच्या एका दिवसात बोमडिला गेले. म्हणजे रेषा मागे असती तरी फरक काय पडला असता? बोमडिल्यात त्या दिवशी काय होते ते पाहिले तर उत्तर मिळते. तिथली ब्रिगेड तुकड्या तुकड्या करून इकडेतिकडे पाठवली जात होती. चिनी बेली वाटेने, म्हणजे आडवळणाच्या डोंगरवाटेने, थेंबांगजवळ उतरून दिरांग आणि बोमडिला यांच्यामधला रस्ता तोडून बसले होते. शेवटच्या दिवशीसुद्धा उरलेल्या माणसांतून वरच्या हुकमाने आणखी माणसे दिरांगकडे धाडली गेली आणि मोर्चे रिकामे पडले. थोरातांचे बोमडिला म्हणजे दोन वर्षे आधीपासून बांधलेली, तोफा आणि दारूगोळा भरलेली, पूर्ण बळ एकवटलेली जागा. बासष्टचे बोमडिला म्हणजे पुढे फुटलेल्या धरणाचे मागचे गाळाचे डबके. नाव एक असले तरी दोन्ही ठिकाणे एक नाहीत. बेली वाटेने आलेले चिनी बोमडिल्यापुढे उभे राहिले तेव्हा ते सर्वांत दमलेले, तोफांवाचून आणि लांब वाटेच्या टोकाला होते. थोरातांना ते नेमके तसेच हवे होते.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. त्या रेषेला जेवढे सैन्य लागत होते तेवढे १९६० मध्ये पूर्व विभागाकडे नव्हते, आणि मिळण्याची चिन्हेही नव्हती. सीमा रस्ते संघटना मे १९६० मध्ये जन्मली, तिचे रस्ते एका हंगामात होणार नव्हते. थोरातांची योजना अमलात आली असती तर युद्ध जिंकले असते, असे कुणी म्हणत असेल तर ती अतिशयोक्ती आहे. तसा दावा त्यांच्या कागदाचा नव्हता. इतके सैन्य नसेल तर हे होईल, असे तो कागद सांगत होता. पैसे नाहीत हे सांगणाऱ्या कारकुनाला तू पैसे का आणले नाहीस असे विचारण्यासारखाच हा आक्षेप आहे.

तिसरा आक्षेप राजकीय आहे. तवांग फेब्रुवारी १९५१ मध्ये मेजर बॉब खातिंग यांनी जाऊन भारताच्या प्रशासनाखाली आणले होते. त्याला दहा वर्षेही झाली नव्हती, आणि लष्कराचा एक कमांडर म्हणतो की मुख्य लढाई तवांगच्या मागे द्या. कोणत्या पंतप्रधानाने हे संसदेत सांगितले असते? लाँगजूनंतर विरोधक एक इंच भूमी सोडू नका म्हणून घसा फोडत होते. हा आक्षेप मला खरा वाटतो, आणि नेहरूंबद्दल थोडी सहानुभूती तिथेच वाटते. पण भूमी सोडण्याचा निर्णय थोरात घेत नव्हते. सोडायची नसेल तर काय किंमत पडेल ते सांगत होते. ती किंमत मोजली की चित्र बदलते, याचा दाखला १९८६ मध्ये मिळाला. त्या उन्हाळ्यात चिनी तवांगच्या उत्तरेला सुमदोरोंग चूच्या खोऱ्यात वांगदुंगला येऊन बसले. सुंदरजी लष्करप्रमुख होते. या वेळी भारतीय ब्रिगेड हेलिकॉप्टरने झेमिथांगच्या भागात उतरवली गेली, उंचावरच्या जागा धरल्या गेल्या, आणि चिन्यांनी हल्ला केला नाही. ही जागा नामका चूच्या शेजारचीच. पंचवीस वर्षांत रस्ते झाले होते, हेलिकॉप्टरे आली होती, डोंगरी लढाईसाठी डिव्हिजन उभ्या राहिल्या होत्या. म्हणजे थोरातांची रेषा कायमची नव्हतीच, ती त्या दिवसाच्या रसदेची रेषा होती. रसद पुढे गेली तशी रेषा पुढे गेली. गंमत अशी की थोरातांचे आत्मचरित्र त्याच वर्षी बाजारात आले.

राहिला प्रश्न त्यांच्या मौनाचा. मे १९६१ ते ऑक्टोबर १९६२ हे सतरा महिने थोरात निवृत्त नागरिक होते. काय होऊ घातले आहे ते त्यांना ठाऊक होते. ते बोलले का नाहीत? वृत्तपत्रे होती, संसदेत मेनन यांचे कडवे टीकाकार होते, कागद एखाद्याच्या हाती देणे अवघड नव्हते. काही जण या मौनाला शिस्त म्हणतात, काही जण भित्रेपणा. माझा कल शिस्तीकडे आहे, पण नाइलाजाने. नुकताच पद सोडलेला कमांडर संरक्षणयोजना चव्हाट्यावर आणू लागला तर त्याचा पहिला वाचक पेकिंगमध्ये असतो. शिवाय सीमेपलीकडे आयुबखान १९५८ पासून लष्करी सत्ता चालवत होते, आणि जनरल लोकांनी राजकारण्यांना धडा शिकवण्याची भाषा दिल्लीत कुणाच्याच कानाला चांगली लागत नव्हती. नागरी सत्तेपुढे लष्कराने मान तुकवायची, हा नियम थोरातांनी पाळला. नियम बरोबर आहे. त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात नागरी सत्तेने लष्कराचा हिशेब वाचायचा असतो, आणि तो अर्धा भाग कुणी पाळला नाही. या दुसऱ्या अर्ध्या भागाला आपल्याकडे आजही कायद्यात जागा नाही.

पराभवाच्या धामधुमीत नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले. थोरातांच्या सांगण्यानुसार १९५९ चा कागद आपल्यापर्यंत आलाच नव्हता असे पंतप्रधान म्हणाले, आणि का आला नाही हे मेनन यांनाच विचारावे, असे थोरातांनी सुचवले. त्याच सुमारास स्थापन झालेल्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर थिमय्या आणि थोरात दोघांनाही घेतले. मेनन यांना ७ नोव्हेंबरला मंत्रिमंडळातून जावे लागले आणि २१ नोव्हेंबरला, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवशी, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे आपण तेव्हापासून म्हणत आलो आहोत. सह्याद्रीचा एक माणूस तीन वर्षे आधी हिमालयाचे गणित घेऊन दिल्लीच्या दारात उभा होता, हे मात्र त्या वाक्यात बसत नाही.

थिमय्या डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे नेतृत्व करताना गेले, कामावर असतानाच. थोरातांच्या वाट्याला दीर्घ निवृत्ती आली. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी काम केले आणि नंतरची वर्षे कोल्हापुरात काढली. ‘माझी शिपाईगिरी’ हे त्यांचे मराठी पुस्तक आजही जुन्या वाचनालयांत सापडते. ऑगस्ट १९९२ मध्ये, शहाऐंशी वर्षे पुरी होत असताना, त्यांचे निधन झाले. पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांचा अहवाल त्या वेळी २९ वर्षे संरक्षण मंत्रालयात कुलुपात होता. त्यातला काही भाग बाहेर यायला आणखी बावीस वर्षे लागली, आणि तोही सरकारने दिला नाही, एका परदेशी पत्रकाराने प्रसिद्ध केला. थोरातांच्या कागदाची हकीकत मात्र त्यांच्या निधनाआधीच सहा वर्षे कुणालाही पुस्तकाच्या दुकानात विकत मिळत होती.